चाकावरची खोली

"तापलेलं चाक पाणी पितं," असं हौसा म्हणायची. म्हणायची म्हणजे तोंडावर फेकायची. त्यात उपदेश नव्हता, आणि कुणाचं भलं तर मुळीच नव्हतं. जत्रेत पाळण्यापाशी दोघंजण हमरीतुमरीवर आले आणि तिसरा मध्ये पडून त्यांना गोड बोलायला लागला, की ती त्या तिसऱ्यालाच दरडावायची, "सर मागं! तापलेलं चाक पाणी पितं." ऐकणाऱ्याला अर्थ कळो न कळो, अपमान नेमका कळायचा.

वेळणेश्वराच्या अलीकडे, दोन घाट्या उतरल्या की आमचं गाव लागतं. शिवरात्रीला आमच्या समुद्राकाठच्या पुळणीवर जत्रा भरते. सुरूच्या झाडांतून वारा उतरतो, वाळू पायाला गार लागते, आणि माणसं मात्र वर्षभराची भांडणं कमरेला खोचून येतात. त्या जत्रेला केरू आणि हौसा हे नवराबायको दरसाल पाळणा घेऊन यायचे. चार डब्यांचा, हातानं फिरवायचा लाकडी पाळणा. केरूची जीप जुनी, आणि जीपच्या मागं मिलिटरीच्या लिलावात घेतलेला दोन चाकांचा ट्रेलर. त्यावर पत्र्याची खोली उभी केलेली. पाळण्याचं लाकूड खोलीच्या टपावर बांधलेलं. आत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळशीचा डबा. तोच त्यांचा संसार. केरू त्याला ट्रेलर म्हणायचा. हौसा खोली म्हणायची.

जीप केरूची आणि चाकं हौसाची, अशी वाटणी दोघांत कधी झाली ते ठाऊक नाही. भांडणातूनच झाली असावी. केरू आळशी होता. एकदा ग्रीस संपलं तेव्हा त्यानं ट्रेलरच्या चाकात उंडीचं तेल ओतलं. आमच्याकडं बैलगाडीच्या आसाला उंडीचं तेल घालतात. त्याला वाटलं, बैलगाडीला चालतं तर ह्याला का नको? तेलानं आतलं होतं तेवढं ग्रीसही पातळ केलं, सगळं मिळून टायरवर गळून गेलं, आणि चढणीला चाक असं किंचाळू लागलं की शेतातली गुरं दावी तोडून पळाली. तेव्हापासून हौसानं त्याला चाकाला हात लावू दिला नाही. आणि तेव्हापासून जेवायला वाढताना ती रोज विचारायची, "भातावर काय घालू? उंडीचं तेल?"

नवऱ्याला ती शिव्या द्यायची, पण 'तुम्ही' म्हणून. ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

कुठंही गाडी थांबली की ती आधी उतरायची आणि चाकाच्या मधोमध तळहात ठेवायची. हात टेकवून ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात मागं आला तर गावात पाय ठेवायच्या आधी केरूच्या सात पिढ्या उद्धरल्या जायच्या. जत्रा उठली की ती ट्रेलर जॅकवर घ्यायची, खाली चिरे लावायची, आणि चाकं सोडवून बेरिंगं रॉकेलात धुवायची. तिचे हात कोपरापर्यंत काळे. ते हात घेऊन ती विहिरीवर आली की बायका घागरी मागं ओढायच्या. एकदा आमच्या वाडीतली सोनूबाई म्हणाली, "बाईमाणसाचे हात गो हे? शिवू नको दोराला."

हौसा म्हणाली, "माझे हात रॉकेलानं निघतात, सोनूबाय. तुझ्या तोंडाला पिंपभर पुरायचं नाय."

त्यानंतर तिला विहिरीवर कुणी पाणी भरू दिलं नाही. ती खाली व्हाळाच्या वाहत्या पाण्यावर जायची. तिनं कुणाची विनवणी केली नाही, आणि कुणी तिला बोलावलं नाही. असं दोन्हीकडून घट्ट आवळलेलं वैर होतं ते.

चौऱ्याऐंशीच्या सुमारास एका शिवरात्रीला त्यांना यायला उशीर झाला. उन्हं कलायला लागली होती. जीप घाटी उतरली ती धूळ उडवत, ब्रेक करकरत. घाटीच्या पायथ्याला रस्ता दुभंगतो. एक वाट गावाला वळसा घालून येते. दुसरी सरळ खाडीच्या तोंडातून पुळणीवर चढते, ओहोटीला तिथं गुडघ्याइतकं पाणी असतं. केरूनं जीप पाण्याकडं वळवली.

हौसा खाली उडी मारून ट्रेलरशी गेली, हात लावला, आणि ओरडली, "थांबा! चाकं फुटाण्यासारखी तापलीत. निवू द्यात, मग जाऊ. नायतर वळशानं चला."

"बस आत. वेळ नाय मला."

"कसला वेळ? तुमच्या बापाचं लगीन लागायचंय काय?"

केरूनं गिअर टाकला. ट्रेलर पाण्यात उतरला आणि दोन्ही चाकांतून चर्र आवाज झाला. तव्यावर पाणी शिंपडावं तसा. पुळणीवर दुकानं मांडणाऱ्यांनीसुद्धा तो ऐकला. फिरून फिरून चाक तापतं, आतली हवा फुगते. ते एकदम गार पाण्यात गेलं की ती हवा आखडते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. इथं तर खारं पाणी. हौसा गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलत होती. काय बोलत होती ते लिहिण्यासारखं नाही. जत्रेतली माणसं हसत होती. कुणीतरी म्हणालं, "पाळणा उभा व्हायच्या आधीच खेळ सुरू झाला."

केरूला कसली घाई होती ते पुळणीवर गेल्यावर कळलं. बुरोंडीचा हरिश्चंद्र नावाचा मासळीचा व्यापारी तिथं सकाळपासून येऊन बसला होता. धोतर सावरत तो ट्रेलरभोवती फिरला, पत्र्यावर बोटांनी ठोकलं, दार उघडून आत शिरला आणि वितीनं मोजायला लागला. "हितं बर्फ. हितं सुरमई. खाट काढून टाकू. ही खिडकी बंद करू, ऊन येतं."

हौसा दारात उभी होती. "कुणाची खिडकी बंद करतायसा?"

हरिश्चंद्रानं केरूकडं पाहिलं. "घरात सांगितलं नाय वाटतं?"

केरू वाळूकडं बघत म्हणाला, "विकला ट्रेलर. मी मुंबईला चाललो. भावानं टेम्पोवर काम बघितलंय. हा हातपाळणा आता कोण बघतो? चिपळूणच्या जत्रेत विजेचा आला."

"आणि मी?"

"तू घरी राहा. आईजवळ."

"तुमच्या आईजवळ? तिनं मला पडवीत जेवायला घातलं, अवो. कुत्र्याच्या शेजारी. तिथनं निघून मी ह्या खोलीत आले."

"तुलाच जमवून घेता येत नाय कुणाशी. बारा गावच्या विहिरी तुला बंद. आणखी किती गावं फिरवू तुला?"

हे मात्र खरं होतं, आणि ऐकणाऱ्यांत सोनूबाई होती. ती खुशाल हसली.

हरिश्चंद्राला नवराबायकोच्या भांडणात रस नव्हता. त्यानं चाकाला लाथ मारली. "चाकं कशी आहेत? घाटी चढून माल न्यायचाय मला. वाटेत बसलो तर मासळी कुजेल."

तेव्हा केरूनं हौसाची स्तुती केली. इतक्या वर्षांत आम्ही ऐकलेली ती पहिली. "चाकाचं नाव काढू नका शेट. ह्या बाईनं पोटच्या पोरासारखी सांभाळलीत. ड्रायव्हरलोक येऊन बघून जातात."

हौसानं त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "बघायचीत काय शेट? उघडून दाखवते."

केरूचा जीव भांड्यात पडला. तिला पटलं, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतः जॅक आणला, चिरे आणले. ट्रेलरचं एक अंग वर उचललं, मग दुसरं, आणि आस चिऱ्यांवर टेकला.

हौसा मांडी घालून चाकापुढं बसली. टोपण काढलं. पिन सरळ करून उपसली. नट फिरवून सोडला आणि बाहेरचं बेरिंग तळहातावर घेतलं. ग्रीस मधासारखं असावं. हे ताकासारखं पांढरं झालेलं, आणि त्यातून खारं पाणी मनगटावर ओघळत होतं.

हरिश्चंद्र मागं सरला. "हे काय रे केरू? हे तर कुजलंय."

"शेट, एवढं काय नाय त्यात. धुतलं की झालं. हौसा, धू गो. नवीन ग्रीस भर."

"धुते," हौसा म्हणाली.

तिनं दोन्ही चाकं आसावरून ओढून काढली. मागून ठोकून आतली बेरिंगंही सोडवली. एका चाकाची दोन, दुसऱ्याची दोन. थाळीत रॉकेल ओतून एकेक त्यात बुडवलं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशानं प्रत्येक रूळ घासला. रॉकेल दुधाळ झालं तसं ते फेकून दुसरं घेतलं. मग बेरिंगं फडक्यानं कोरडी करून उन्हात मांडली. ती चांदीच्या वाळ्यांसारखी चमकत होती. तिनं एकेक डोळ्यापाशी धरून फिरवलं, कान लावला. कुठं डाग नव्हता, खरखर नव्हती.

माणसं उगाच थांबून बघत होती. सोनूबाईही थांबली होती.

मग ग्रीस. तिनं डाव्या तळहातावर गोळा घेतला आणि बेरिंगची कड त्यावर दाबून दाबून ओढत राहिली, रुळांच्या फटींतून ग्रीस पलीकडच्या अंगाला डोकावेपर्यंत. थोडं फिरवायची, पुन्हा दाबायची. वरवर फासलेलं ग्रीस तिला कधी चालत नसे. समुद्र मागं हटत होता, केरू विड्या ओढत होता, हरिश्चंद्र सावली शोधत होता, आणि ही बाई एका जागी बसून तेच ते करत होती. चारही भरून झाली.

"घाल आता," केरू म्हणाला.

हौसा खोलीत गेली आणि जुन्या लुगड्याचा पट्टा घेऊन आली. एक बेरिंग त्यात गुंडाळलं आणि गाठ मारली. दुसरं गुंडाळलं आणि गाठ मारली.

"हे काय करतेस?"

तिसरं. चौथं.

"हौसा, मी काय विचारतोय?"

"खोली तुमच्या नावावर हाय. विका," ती उठत म्हणाली. "चाकं पोटच्या पोरासारखी सांभाळली म्हणालात ना? पोरं आईबरोबर जातात."

माणसं हसली. केरू पुढं धावला आणि त्यानं गाठोड्याला हात घातला. हौसानं नटाचा पाना उचलला. मारला नाही. नुसता धरला, त्याच्या मनगटाच्या वर. केरूनं हात सोडला.

"चोर हाय ही!" तो लोकांकडं वळून ओरडला. "धरा हिला!"

कुणी हललं नाही. केरूसाठी कुणी हलावं असा तोही कुणाचा नव्हता.

"दुसरी आणू शेट," तो हरिश्चंद्राला म्हणाला. "बेरिंगं काय, मिळतात."

"मिलिटरीचा माल हाय हा. मुंबईच्या भंगारात मिळाली तर मिळाली." हरिश्चंद्रानं धोतराची वाळू झटकली. "चिऱ्यावरचं खुराडं मला नको. मला धंदा करायचाय." आणि तो बैलगाडी बघायला गेला.

हौसानं पाना वाळूत टाकला, गाठोडं कमरेशी धरलं आणि पुळणीवरून उत्तरेला चालायला लागली. लोखंडाच्या वजनानं ती एका अंगाला झुकत होती. तिनं मागं पाहिलं नाही. चिऱ्यांवर टेकलेल्या खोलीपाशी केरू दोन रिकामी चाकं पुढ्यात घेऊन बसला होता, आणि शिव्या देत होता, पण हळूहळू त्याचा आवाज उतरला. सोनूबाई कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या पुढं उभी होती. "गेली एकदाची अवदसा," ती म्हणाली. तरी हौसा खडकाआड दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.