हिरव्या लुगड्याचा निरोप

तुर्भ्याच्या बाजाराजवळ मुख्तारचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. धंदा बेताचाच, कारण गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना हा गडी आपल्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी सेटवर, कुठल्याशा अनोळखी माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसे. बायको करिमुन्निसा म्हणायची, घरात बोलायला शब्द नाहीत आणि हवेत उधळायला बरे आहेत.

त्र्याण्णव साली किल्लारीकडे भूकंप झाला, तिकडचे फोन बंद पडले आणि त्याच सेटपाशी माणसांची रीघ लागली. मदत छावणीतले हॅमवाले निरोप सांगत. मुख्तार ते उतरून घेई, खात्रीसाठी पुन्हा वाचून दाखवी आणि ज्याचे त्याला पोचवी. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा त्याचा कडक नेम.

बाजारात कांदा निवडणाऱ्या दुर्गाबाईंचं माहेर तिकडचं. गावच्या शेजाऱ्याने त्यांना निरोप पाठवला: आई गंभीर, सोलापूरच्या दवाखान्यात, लगेच निघा. मुख्तारने तो जसाच्या तसा सांगितला. दुर्गाबाईंना तो खरा वाटेना. वडील गेले तेव्हाही तार अशीच आली होती. आपल्याकडे मेल्याचं सरळ कळवतं कोण? गंभीर म्हणायचं, म्हणजे माणूस निदान गाडीत तरी बसतो.

मुख्तार शपथेवर सांगू लागला, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी माझं मन राखताय. माय गेली माझी. आता मातीलाबी पोचायची न्हाई मी, जाऊन काय करू?"

उरणला अब्बा गेले तेव्हा मुख्तारलाही असंच सांगून नेलं होतं, त्यामुळे दुर्गाबाईंचा राग येईना. पण तिकडे म्हातारी दाराकडे डोळे लावून असेल आणि लेक इथे सुतक धरून बसणार! सोलापूरच्या हॅमवाल्याला त्याने अक्षरशः गळ घातली, की प्रकृतीचं राहू दे, म्हातारीच्या तोंडचं एक वाक्य आण.

दुसऱ्या दिवशी ते आलं. मुख्तारने दुर्गाबाईंना वाचून दाखवलं, "येताना लुगडं आन, हिरवं. मागल्या खेपेसारखं पिवळं आनलंस तर तोंडावर फेकीन."

दुर्गाबाई पदरात तोंड खुपसून हसल्या की रडल्या, कुणास ठाऊक. "मायच हाय," एवढं म्हणाल्या आणि मिळेल त्या एसटीने निघून गेल्या.

पुढे प्रत्येक निरोपासोबत मुख्तार त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य मागू लागला. बहुतेकांचं यायचं, कधी नुसती शिवीसुद्धा. ज्यांचं येत नसे, त्यांच्या घरी तो दुकान बंद करून स्वतः जाई, शेजारी बसे आणि खरं ते सांगे.