ट्रॉलीवरचा धुरकरी

शंकरपटावरची, म्हणजे बैलांच्या शर्यतींवरची, बंदी उठली आणि त्याच हंगामात आसेगावच्या उकंडरावांचा खुबा मोडला. बंदीची सगळी वर्षं या माणसानं आधी बैलजोडीला भाकरीचा तुकडा दिला आणि मग स्वतः जेवला. पट सुरू झाल्यावर पहिल्याच धावेत, निशाणापासून चार हात अलीकडे, छकड्यावरून जे उडाले त्यांनी डोळे उघडले ते थेट अकोल्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी आत स्टीलचा गोळा बसवला आणि बाहेर येऊन त्यांच्या बायकोला, रंगूबाईंना, सांगितलं, "आता पळणं नाही, उडी नाही." रंगूबाईंनी घरी येऊन जोडी विकली.

पुढच्या वर्षी पटाच्या कमिटीनं उकंडरावांना स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, आणि माइकवर, "आपल्या भागाचे माजी धुरकरी." छकडा हाकणाऱ्याला इकडे धुरकरी म्हणतात. त्याच्या आधी 'माजी' लागलेलं उकंडरावांनी जन्मात ऐकलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी शाल वासराच्या अंगावर टाकली, नारळ रंगूबाईंच्या हातात दिला.

"मी मेलो का वं?"

"अजून नाई," रंगूबाई म्हणाल्या. "जेवून घ्या."

मग दोन वर्षं ते ओट्यावर बसून अख्ख्या गावाला हाकू लागले. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला डावं-उजवं सांगत, एसटीच्या ड्रायव्हरला हात करत, शेजारणीच्या बकऱ्यांना शिस्त लावत. शेवटी एका सकाळी रंगूबाईंनी बिघडलेला मिक्सर त्यांच्या मांडीवर ठेवला. "मंगरूळपीरले जा. युसूफभाईकडून दुरुस्त करून आना. घाई नाई, सांजेले या."

युसूफभाईंचं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. उकंडराव पोचले तेव्हा दुकानात कोणी नव्हतं, आणि रस्त्यावरून एक कोंबडीएवढी गाडी गुरगुरत आली, पायाशी थांबली, दोनदा मागंपुढं झाली. मागची चाकं मोठी, पुढची बारकी. कोपऱ्यामागून युसूफभाई रिमोट घेऊन उगवले.

"जोडी कोनाची?" उकंडरावांनी विचारलं.

"आपलीच हाय भाऊ. बैठो."

चहा आला. युसूफभाई लहान असताना त्यांच्या चाचांनी सौदीहून असलीच गाडी आणली होती. ती शोकेसमध्ये होती आणि घरातल्या सगळ्या पोरांना एकच वाक्य पाठ होतं, हात मत लगाना. "चाचा गेले, शोकेस गेलं. आता कंपनीनं तेच जुनं मॉडेल पुन्हा काढलं, खोक्यात सुटे भाग येतात. आपुन जोडाचे. आमी पाच जन झालो, आयतवारी पळवतो. तिकडे कापसाच्या जिनिंगच्या मागं, पडीत जाग्यावर."

"नव्या गाड्या नाई येत का?"

"येतात ना. पन त्या दिसतच नाई. आपुन 'ती पाहा' म्हनेपर्यंत वाशिमले पोचते. ही पाहता येते, पलटते, रुसते. हिच्यात मजा हाय."

पलटते आणि रुसते म्हटल्यावर उकंडरावांना ओळख पटली. त्यांनी तिथल्या तिथे एक खोकं मागवायला सांगितलं.

खोकं आलं, त्यात दोनशे तुकडे आणि तीन पिशव्या स्क्रू. उकंडराव महिनाभर मंगरूळपीरला जात राहिले. घरून फोन यायचा.

"मिक्सर?"

"चालू हाय काम."

"मी पाट्यावर वाटून राह्यली."

"चव चांगली येते पाट्याची."

गाडीचं वरचं टरफल पारदर्शक प्लास्टिकचं होतं. बैलांच्या शिंगांचा उरलेला लाल रंग त्यांनी त्यावर चोपडला, दोन हात दिले, युसूफभाईंना दाखवायला नेलं.

"भाऊ, हे आतून रंगवाचं असते."

"आतून? आतून कोन पाहते?"

पहिल्याच पलटीत कळलं. रंग मातीत राहिला आणि गाडी उघडीबोडकी उठली.

पण खरी अडचण वेगळीच होती. आयुष्यभर उकंडरावांनी जे हाकलं ते मागून हाकलं. समोर बैलांच्या पाठी, त्यापुढं निशाण, आणि पट सरळ. गाडी त्यांच्यापासून दूर जाई तोवर धनुष्याचा बाण होती. वळून त्यांच्याकडे तोंड करून यायला लागली की डाव्याचं उजवं व्हायचं आणि उजव्याचं कुंपण.

पहिल्या शर्यतीत हेच झालं. मैदानावर ठिबकच्या जुन्या नळ्या लावून नागमोडी वाट केली होती, मध्ये मातीच्या पोत्यांची एक उडी. सहाही खेळाडू ट्रॅक्टरच्या एका उभ्या ट्रॉलीवर, हातात दोन काड्यांचे रिमोट. डावी काडी पुढंमागं, उजवी काडी डावं-उजवं. नियम एकच, ट्रॉलीवरून उतरायचं नाही. उकंडरावांनी आधी अक्कल लढवली. गाडी येताना दिसली की स्वतःच पाठ फिरवायची आणि मान वळवून मागं पाहायचं, म्हणजे डावं ते डावंच. दुसऱ्या गिरकीत त्यांचं कोपर बाबूसिंगच्या पोटात बसलं. बाबूसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा गडी, स्वभावानं गरीब.

"काका, तुमी गाडी पळवता का फुगडी खेळता?"

उत्तर द्यायला उकंडराव ट्रॉलीवर नव्हतेच. खाली उतरून गाडीच्या मागं पळत होते, लंगडत, तोंडानं हांहांहां करत, आणि बाकीच्या पाच गाड्या त्यांच्या पायांमधून वाट काढत होत्या. युसूफभाईंनी माइकवरून त्यांना बाद केलं.

घरी ते सरळ चालत आल्यासारखं करत आले. रंगूबाईंनी पायाकडे पाहिलं.

"पळाले?"

"थोडकसं."

त्या रात्री त्यांनी खुब्याला शेक दिला. सकाळी म्हणाल्या, "आना इकडे. कोठीत ठेवते अन् कुलूप लावते."

"रंगू, असं नको करू." उकंडरावांनी गाडी छातीशी धरली होती. "एवढं गेलं त मंग मले त्या ओट्याशिवाय काई नाई."

रंगूबाईंनी सूप खाली ठेवलं. "येत्या आयतवारी मी येते संगं. एक पाय जरी ट्रॉलीखाली पडला, त कोठी. मंग रडाचं नाई."

सहा दिवस अंगणात सराव चालला. रंगूबाई तुरी निवडत बसायच्या आणि गाडी जाताना बरोबर जायची, येताना कधी रांजणाला, कधी झाडूला, एकदा तर थेट रंगूबाईंच्या सुपात.

"जाताना चांगली जाते," उकंडराव म्हणाले. "येताना बिघडते हे."

"ते नाई बिघडत. तुमी बिघडता." त्यांनी सुपातून गाडी उचलून तुरी झटकल्या. "मले एक सांगा. चारा-कुटाराची भरलेली बैलगाडी समोरून येऊन राह्यली, अन् गोठ्याकडे कलली. तुमी खांदा कोन्या अंगाले देता?"

"गोठ्याकडच्या अंगाले. जिकडे कलली तिकडून. दुसऱ्या अंगानं देऊन का पाडाची हाय?"

"मंग त्या काडीले खांदा समजा. जिकडे कलली तिकडे लावा."

उकंडरावांनी रिमोटकडे पाहिलं. गाडी लांब नेली, फिरवली. ती त्यांच्याकडे यायला लागली आणि गोठ्याकडे कलली. त्यांनी डोळे बारीक करून काडी गोठ्याकडे दाबली. गाडी सरळ झाली. दारापर्यंत सरळ आली, आणि थांबवायचं राहून गेल्यामुळे घरात शिरली.

"कोनं शिकवलं तुले हे?"

"तुमी पटावर असताना कुटार कोन आनत होतं घरी?"

रविवारी रंगूबाई युसूफभाईंनी दिलेल्या खुर्चीत बसल्या नाहीत. नळीच्या कडेला, तिसऱ्या वळणाजवळ उभ्या राहिल्या, कारण तिथून ट्रॉलीखालची जमीन साफ दिसत होती. त्याच वळणावर मानोऱ्याचा मुन्ना होता. त्याचं मोबाइलचं दुकान. इथलं काम एवढंच की उलटलेली गाडी सुलटी करायची.

युसूफभाई स्वतःही खेळत होते आणि माइकवरही तेच होते. "नंबर सहा, आसेगावचे धुरकरी, उकंडराव." पाच फेऱ्या. गाड्या सुटल्या.

पहिली फेरी उकंडरावांनी श्वास न घेता मारली. गाडी येताना त्यांचा खांदा आपोआप कलायचा, बाबूसिंग आधीच एक पाऊल सरकून उभा होता. दुसऱ्या फेरीत त्यांनी श्वास घेतला. तिसरीत तर तोंडातून हांहांहां सुटलं. युसूफभाई माइकवर म्हणत होते, "माशाल्ला, नंबर सहा आज रस्त्यानं चालून राह्यला," आणि तेवढ्यात त्यांच्याच गाडीच्या गिअरचे दात गेले. ती जागेवर किणकिणत उभी राहिली. "नंबर एक... जाऊ द्या."

चौथ्या फेरीत उकंडरावांची गाडी पोत्यांवरून उडाली, हवेत तिरपी झाली आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी पाठीवर पडली. चारही चाकं वर. मुन्ना मोबाइलमध्ये पाहत होता.

"मुन्ना," युसूफभाईंनी माइकवरून हाक मारली. मुन्नानं फोन कानाला लावला.

पटावर जनावर पडलं तर धुरकरी आधी उडी घेतो, विचार नंतर करतो. उकंडरावांचा उजवा पाय ट्रॉलीच्या काठावर आला. बाबूसिंग समोर पाहत पुटपुटला, "काका, पाय." पाय काठावरच राहिला, अर्धी चप्पल बाहेर. उकंडरावांनी ट्रॉलीची फळी पकडली आणि समोर पाहिलं. रंगूबाई त्यांच्या पायाकडेच पाहत होत्या.

मग त्यांनी पदर खोचला आणि नळी ओलांडली.

गाडीजवळ जाऊन त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. "आंधी चाकं थांबवा," त्या ओरडल्या, "मंग हात लावते."

उकंडरावांचा अंगठा अजून काडीवर दाबलेला होता. त्यांनी तो सोडला. रंगूबाईंनी गाडी उचलली, सुलटी केली, तोंड बरोबर दिशेला करून खाली ठेवली. बाबूसिंगची गाडी त्यांच्या घोट्याजवळून सूं करून गेली, त्या हलल्या नाहीत.

"हां. न्या आता."

उकंडरावांनी नेली. पाचवा नंबर आला. सहावे युसूफभाई, त्यांची गाडी अजून किणकिणत होती.

रंगूबाई मात्र तिसऱ्या वळणावरून निघाल्या नव्हत्या. मुन्नाचा फोन त्यांच्या हातात होता. "बावा, मानसं तिकडे जीव टांगून उभी हायत अन् तू इथं स्टेटस पाहून राह्यला. तू असं ध्यान ठेवलं त सहाच्या सहा गाड्या पलटून पडून राहतील." मग त्या युसूफभाईंकडे वळल्या. "पुढच्या आयतवारी कितीले सुरू होते? दहाले? हे वळन माह्याकडे राहू द्या. याले दुसरं कुठं उभं करा."

"भाभी, खुर्ची देतो त्या वळनावर."

"खुर्ची कायले? बसून गाडी उचलता येते का?"

युसूफभाईंनी वहीत त्यांचं नाव घातलं. बाबूसिंगनं रंगूबाईंना विचारलं की पोत्यांची उडी जरा बुटकी करायची का, आणि त्या पोत्यांकडे जाऊन पायानं माती दाबून पाहू लागल्या. बाकीचे खेळाडू उतरून गाड्यांची माती पुसत होते.

उकंडराव ट्रॉलीवरच उभे होते, दोन्ही पाय आत. त्यांना अजून कोणी उतरा म्हणालं नव्हतं.