ज्याला ऐकू आलं त्याने ‘व्हय’ म्हणायचं

माझे जुने वाचक जाणतात की मला गोंगाट सोसत नाही. लग्नात मी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवर सापडते आणि गल्लीत प्रचाराची रिक्षा शिरली की खिडक्या लावून पंखा पाचवर करते. शिवाय मला बसल्या जागी डुलकी लागते. म्हणून तर आजवर तुम्हाला ओस किनारे, बिनमाणसांची देवळं आणि दुपारी पडू देणाऱ्या खानावळी एवढंच सांगत आले. यंदा मात्र मी शिमग्याला रत्नागिरीत गेले, आणि तेही ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली असताना. म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्यालेलं!

मला ओढलं वैशालीने. कॉलेजातली माझी मैत्रीण. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी करते, राहते रत्नागिरीत आणि सासर संगमेश्वरच्या बाजूला आतल्या गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या गावकीत अजून धग आहे. तिचे सासरे, नाना, शिमग्यात देवाला गाऱ्हाणं घालतात. ज्यांनी कोकण फक्त समुद्रापुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते: पालखीपुढे एक जण हातात नारळ धरून गावाच्या वतीने देवाशी खड्या आवाजात बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हा मान नानांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि गेल्या पावसाळ्यानंतर नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता ते कुजबुजतात तेवढंच.

“ये यंदा,” वैशाली फोनवर म्हणाली. “पुढच्या वर्षी मान आमच्याकडे असेल नसेल. गावकीत एकदा गेला की परत येत नाही.”

मी विचारलं, नवरा तुझा कशासाठी आहे? तर बाप जिता असताना मुलाने गाऱ्हाणं घालायचं नाही, अशी तिकडची रीत. आणि नाना बरे ठणठणीत आहेत, फक्त आवाज नाही.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला काही वाटत नाही. पण शिमग्याला मुंबई-पुण्याचे चाकरमानी उलटे फिरतात, तेव्हा आरक्षण आधी करा. गाडी कराडवरून कुंभार्ली घाटाने उतरते. घाटात माझा डोळा लागला तो थेट पोफळीला उघडला. वीजप्रकल्पाच्या वसाहतीतली जुनी, एकसारखी घरं झाडांच्या सावलीत उभी होती. एकही माणूस दिसेना. इथेच उतरावं आणि पडून राहावं असं फार वाटलं. मागच्या सीटवर दोघे जण कुठल्या पॅनेलचं पारडं जड यावर चिपळूणपर्यंत भांडले, आणि त्यांचं भांडण माझ्या झोपेत येऊन बसलं. स्वप्नात मी सरपंचपदाला उभी होते आणि मला एकही मत नव्हतं. पुढे महामार्गाचं काम चालू होतं, ते तुम्ही जाल तेव्हाही चालू असेल.

पहिली रात्र मांडवीला काढली. समुद्रापासून दोन गल्ल्या आत घरगुती खोल्या मिळतात, साध्या आणि स्वच्छ. शिमग्यात भाव चढतो, पण घासाघीस चालते. जेवायला बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. संध्याकाळी काळसर वाळूवर बसले. पाणी मागे गेलं होतं आणि ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं, त्यामुळे चालणारी माणसं आभाळावरून चालताहेत असं वाटायचं. एक प्रचाराची जीप किनाऱ्याला लागून हळूहळू गेली. भोंग्यातला बुवा विकासाबद्दल घसा फोडत होता, पण वारा समुद्राकडून होता, आणि माझ्यापर्यंत त्याचे फक्त स्वर पोचले, शब्द कुठेतरी गळून गेले. पहिल्यांदाच एक भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली मला गाडीत घालून गावी घेऊन गेली. हातखंब्यापुढे महामार्ग सोडला की रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, त्यापलीकडे काजूच्या बागा. ओल्या काजूचा तो हिरवा, किंचित कडवट वास गाडीत भरून राहिला. घराच्या खळ्यात नाना बाजेवर बसले होते. उंच, सडसडीत, गळ्याभोवती मऊ पंचा. मी वाकले तेव्हा ते काही बोलले आणि मला फक्त श्वास ऐकू आला. मी उगाच हसून मान हलवली.

“प्रवास बरा झाला काय विचारतायत,” काकी, म्हणजे वैशालीची सासू, आतून म्हणाली. “हसतंस काय गो? जवळ जा, मगे ऐकू येतं.”

मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसले. खरंच, अगदी जवळ गेल्यावर त्या श्वासात शब्द होते, पुसट पण पूर्ण. ते मला कुयरीच्या भाजीबद्दल सांगत होते. कोवळा फणस कोणत्या झाडाचा चांगला आणि कोणत्या झाडाचा चरचरीत, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की दुपारी ती भाजी पानात पडली तेव्हा मला ती ओळखीची वाटली.

संध्याकाळी देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याभोवती, गावकीची बैठक बसली. बसली म्हणायचं एवढंच, एकही माणूस बसलेला नव्हता. वरची वाडी एका पॅनेलची, खालची दुसऱ्या. सगळे एकदम बोलत होते आणि कुत्रीही त्यात भाग घेत होती. आम्ही बायका कडेच्या पारावर. नाना सहाणेला टेकून उभे होते.

वरच्या वाडीचा दिगंबर पॅनेलप्रमुख. गडी उंचापुरा, आवाज असा की त्याला भोंग्याची गरज नाही. तो म्हणाला, “नानांचा मान हाय, नाय कोन बोलतंय? पन गाऱ्हानं लोकांस्नी ऐकू नको यायला? ऐकल्याबिगर ‘व्हय म्हाराजा’ कशाला म्हनायचं? अंगठा मारल्यासारकं?”

“तुला देवाची काळजी हाय का पॅनेलची?” खालच्या वाडीतून कोणीतरी ओरडलं. मग जे काय पेटलं! कुणी माईक आणा म्हणालं, कुणी देवाला कौल लावा म्हणालं, आणि एकाने मागच्या निवडणुकीतलं काहीतरी काढलं, ज्याचा गाऱ्हाण्याशी काही संबंध नव्हता. मला वाटलं आता हात उचलला जातो. आणि खरं सांगते, एवढ्या आरडाओरड्यात मला फक्त नानांचे ओठ दिसत होते. ते काहीतरी म्हणत होते आणि कोणालाही ते कळत नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही आला.

शेवटी शेजारच्या माणसाने नानांच्या तोंडाशी कान नेला आणि ओरडून सांगितलं, “नाना बोलतायत, एकदा हुबा ऱ्हाऊ द्या. पयल्या मागन्याला ‘व्हय’ नाय आला, तर नारळ दिगंबरच्या हातात द्या.”

दिगंबर म्हणाला, “मान्य. ज्याला ऐकू आला त्याने व्हय म्हनायचा. नाय आला त्याने खोटा बोलायचा नाय, देवासमोर.”

ही अट सगळ्यांना पटली. वैशाली मात्र घरी आल्यावर म्हणाली, “संपलं गं. पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाणार नाही.”

त्या गावचा होम, म्हणजे होळी, सकाळी लागतो, ऊन चढताना. आदल्या दिवसापासून माझी झोप आणि जाग यांची सरमिसळ झाली होती. पहाटे कधीतरी होळीसाठी तोडलेलं आंब्याचं झाड खांद्यावरून आणणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकल्या, पुन्हा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा झाड होळीच्या जागी उभं होतं, पानांसकट, जणू तिथेच वाढलेलं. ढोल, ताशे, सनई. मुंबईहून आलेल्या पोरांचा वेगळा साउंड. फाका घालणारे एकेक ओळ टाकत होते आणि बाकीचे बोंब मारत होते; त्या ओळी इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण काकी पदर तोंडाला लावून मनापासून हसत होती. पालखी नाचत आली. खांद्यावरून खांद्यावर जाताना ती माणसांच्या डोक्यांवर तरंगत असल्यासारखी दिसायची, आणि खाली धूळ, गुलाल, घाम आणि तो आवाज. कानात बोटं घालायची मी विसरून गेले होते. आवाज इतका मोठा झाला की त्यात आत जाता येत होतं, आणि आत गेल्यावर तिथे बरीच जागा होती.

पालखी सहाणेवर बसली. नाना नारळ घेऊन पुढे झाले. कोणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. त्यातून आधी कर्कश शिट्टी आणि मग वादळासारखा नुसता श्वास बाहेर पडला. पोरं हसली. नानांनी माईक शांतपणे परत केला.

दिगंबर नानांच्या अगदी उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मान बदलला तर नारळ हातोहात घ्यायला तो तयारच होता, आणि दुसऱ्या कुणी मध्ये घुसू नये म्हणून त्याने कोपरं बाहेर काढली होती.

मग ढोलवाल्यांनी टिपरी खाली ठेवली. साउंडवाल्याने कुणी न सांगता जनरेटर बंद केला. एक ताशा उगाच एकदा वाजला आणि थांबला. इतकी माणसं, आणि मला होळीच्या आंब्याची पानं सळसळताना ऐकू आली. नानांचे ओठ हलू लागले. हातातला नारळ हळूहळू वर गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि खाली आला. म्हणजे पहिलं मागणं संपलं.

कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार कसं? कोणालाच ऐकू आलं नव्हतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं. खालच्या वाडीची माणसं, नानांची स्वतःची माणसं, माना खाली घालून उभी होती. वैशालीने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

“व्हय म्हाराजा.”

दिगंबर म्हणाला होता. हळू, ओठातल्या ओठात, अगदी नाइलाजाने. नारळ झडप घालून घेता यावा म्हणून तो जिथे उभा राहिला होता, तिथे, आणि फक्त तिथेच, नानांचं बोलणं ऐकू येत होतं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण अट त्याचीच होती आणि देव समोर होता.

नारळ पुन्हा वर गेला, खाली आला. दिगंबर पुन्हा हळूच म्हणाला. या वेळी त्याच्या मागच्या रांगेने ते उचललं, त्याच हळू आवाजात, कारण मोठ्याने म्हणालं तर पुढचं मागणं त्याला ऐकू आलं नसतं. मग त्यांच्या मागच्यांनी. तिसऱ्या-चौथ्या मागण्याला सगळा गाव कुजबुजत होता. होळीच्या पुढ्यात दोन्ही वाड्यांची ती सगळी आडदांड माणसं, गुलालाने माखलेली, दबक्या आवाजात एकत्र ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. भाताच्या खाचरातून वारा जातो तसा काहीतरी. काकी रडत होती, वैशाली रडत होती, आणि मी तर काय, जाहिराती बघूनही रडणारी बाई.

शेवटी नानांनी नारळ वाढवला, होम पेटला, आणि जी काही बोंब उठली तिने पलीकडच्या डोंगरावरची माकडंसुद्धा पळाली असतील.

दुपारी पुरणपोळीवर पुरणपोळी खाऊन मी खळ्यात पेंगत होते, तेव्हा दिगंबर आला. नानांच्या पाया पडला आणि तिथेच टेकला. मी विचारलं, “नानांनी देवाकडे मागितलं काय? आम्हाला तर काही कळलं नाही.”

तो हसला. “पाऊसपानी, गुरंढोरं, मुंबैची मान्सा. आनि शेवटाला बोल्ला, दोनी पॅनेलास्नी यश दे.” त्याने कपाळावरचा गुलाल पुसला. “आता देव काय करनार सांगा वयनी? आनि मी त्याला व्हय म्हनून बसलोय.”

नाना बाजेवर हसत होते. हसताना त्यांचा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. निघताना त्यांनी मला जवळ बोलावून पुढल्या वर्षी पण ये म्हणून सांगितलं. या वेळी मला एकदाच सांगावं लागलं.

जायचं असेल तर ओळखीशिवाय आतल्या गावात जाऊ नका. पण ओळख काढणं कोकणात अवघड नाही, कुणाच्या तरी भाच्याचा कुणीतरी निघतोच. पालखीचे फोटो विचारून काढा. आणि कानात घालायचे बोळे घरीच ठेवा.

पुण्यात परत येऊन आठवडा झाला. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात, तसं माझ्या दुपारच्या झोपेत ते कुजबुजणं अजून येतं. परवा तसंच पडले होते, तर खाली सोसायटीची मीटिंग भडकली. विषय पाण्याच्या बिलाचा. एरवी मी खिडकी लावून घेतली असती. या वेळी चपला घालून खाली गेले. नेहमीसारखे सगळे एकदम बोलत होते. तळमजल्यावरचे लेलेकाका, नव्वदीला टेकलेले, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हात वर करत होते, खाली घेत होते. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि इतकी वर्षं माझंही नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि अगदी त्यांच्या खांद्याशी जाऊन बसले.

“बोला काका. मला ऐकू येतंय.”

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरले होते बिचाऱ्यांचे.

“अगं, अर्धा तास झाला सांगतोय,” ते म्हणाले. “वरची टाकी भरून वाहतेय. कोणीतरी मोटर बंद करा.”