डाव्या पंजाचे ठसे

वडिलांनी घोडी माझ्या हवाली करताना एवढंच सांगितलं, "चढावर लगाम ढिला सोड. वाट तिला तुझ्यापेक्षा चांगली कळते." चाकण ते तळेगाव स्टेशन टांगा ओढण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. स्वभावानं ती इतकी बुजरी, की रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी दोन पावलं मागे सरायची. असलं जनावर बिबट्याच्या शिकारीला न्यायचं हे वडिलांना अजिबात पटलं नव्हतं. पण घोडी माझ्या साहेबांनी मागितली होती, आणि त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. मी पंचविशीतला, देहूरोडला लष्कराला सामान पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या कचेरीत कारकून होतो. साहेब तिथले मॅनेजर. फौजेतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणत. थंडी सरता सरता खेडच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या एका पाटलानं त्यांना निरोप धाडला. बिबट्यानं दोन वासरं आणि एक गाय नेली आहे, परवाना काढून लवकर या. घोड्यांतलं कळणारा माणूस हवा म्हणून साहेबांनी मला बरोबर घेतलं आणि हातात एक वही दिली. कुठे काय दिसलं ते रोजच्या रोज लिहायचं, असा हुकूम होता.

गाडीरस्ता संपला तिथून आम्ही घोड्यांवर निघालो. साहेब घोडीवर, मी भाड्याच्या तट्टावर. पाटलानं वाटाड्या दिला तो पन्नाशीचा महादेव कोळी, अंगानं वाळका, कमरेला कोयता. सगळे त्याला बाबा म्हणत. पाटील म्हणाले, "याच्याएवढं रान कुणाला ठावं न्हाई." बाबानं मान हलवली, पण साहेबांच्या खाकी कपड्यांकडे आणि माझ्या वहीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"त्यात काय लिवता?" त्यानं मला विचारलं.

"काय दिसलं ते."

"कुनाला दाखवाया?"

"कुणाला नाही. साहेबांची हौस."

"व्हय," तो म्हणाला, पण माझ्या उत्तरावर त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. मलाही तो माणूस तेव्हापासूनच खुपायला लागला.

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला दक्षिणेच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर फिरवलं. पाटलाच्या तट्टावर बसून तो पुढे, मध्ये साहेब, मागे मी. दुपारी एका झऱ्याकाठी ओल्या मातीत त्यानं ठसे दाखवले. "पहाटंचं हायती." साहेब उतरून गुडघ्यावर बसले आणि बोटांनी माप घेऊ लागले. मी मात्र घोडीकडे बघत होतो. त्या ठशांपासून दोन हातांवर तिनं शांतपणे मान खाली घातली आणि ती पाणी प्यायली. कान हलले नाहीत, नाकपुड्या फुगल्या नाहीत. कुत्र्याला भिणारी ही घोडी बिबट्याच्या ताज्या मागावर पाणी कशी पिते?

दुसऱ्या दिवशी तसंच. वाट वेगळी, झरा वेगळा, ठसे मात्र तसेच. मी जवळ जाऊन पाहिलं. सगळे एकाच पायाचे, पुढच्या डाव्या. चार पायांचं जनावर एका पायावर उड्या मारत जाईल कसं? आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. उत्तरेला कारवीच्या उंच झुडपांनी भरलेला एक उतार होता. साहेबांनी तिकडे बोट दाखवलं, की बाबा म्हणायचा, "तिथं कायबी न्हाई, निसती निसरण हाय." आणि दोन्ही दिवस पहाटे आमच्या आधी तो एकटाच कुठेतरी जाऊन यायचा.

जेवायला बसलो तेव्हा मी साहेबांना सगळं सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं, हे आज कबूल करायला हवं. शिकारीतलं मला काही कळत नाही असं ते धरून चालले होते. आता ते भाकरी खाली ठेवून ऐकत होते.

"म्हणजे हा आपल्याला खेळवतोय," ते म्हणाले. "उद्या पहाटे निघाला की मागे जा. बघ काय करतो ते."

पहाटे तो निघाला तसा मी त्याच्या मागे गेलो. धुकं होतं, त्याचा आडोसा मिळाला. झऱ्यापाशी थांबून त्यानं कमरेच्या फडक्यातून काहीतरी काढलं आणि वाकून मातीत दाबलं. वाळलेला पंजा होता, बिबट्याचा. माझा संशय खरा ठरला म्हणून मला आनंदच झाला. पण तो परतला नाही. सरळ उत्तरेच्या उताराकडे वळला. मीही वळलो. कारवीत थोडं आत गेल्यावर आंबूस वास आला, आणि पुढे एका खडकाच्या आड धूर दिसला. मातीची मडकी, पत्र्याचा डबा, गुळाचा काळा रेंदा. हातभट्टी होती. त्या वर्षांत आमच्या मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती. चुलीशी एक तरुण बाई बसली होती; ती बाबाची सून, हे मागाहून कळलं. मला बघून ती उठली आणि तशीच उभी राहिली.

बाबा वळला. त्याचा हात कोयत्याकडे गेला नाही. तो खाली बसला.

"मला पयल्या दिशीच वाटलं हुतं," तो म्हणाला. "खाकी कापडं, वही. तुमी दारूबंदीचं. शिकार निसतं सोंग."

"आम्ही दारूबंदीचे नाही, बाबा."

"मग माझ्या मागं का आलासा?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायची मला लाज वाटली. मग त्यानंच सगळं सांगितलं. वाडीतल्या चार घरांची ही भट्टी. बिबट्या याच उतारावर राहतो. इकडे आणावं तर भट्टी दिसते, शिकाऱ्याला नको म्हणावं तर पाटलाला संशय येतो. म्हणून त्यानं घरात ठेवणीला असलेला जुना पंजा काढला.

"आज दिवसात हे समदं मोडतो," तो म्हणाला. "उद्या साहेबाला हितंच आणतो, वाघ दावतो. पर हे कुनाला बोलनार न्हाई म्हना."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

साहेबांना मी सांगितलं, की धुक्यात माग चुकला, काही दिसलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. आता त्यांना माझाही संशय यायला लागला असावा. आदल्या दिवशी मी त्यांच्या मनात जे घातलं होतं ते मला परत काढता येत नव्हतं. काढायचं तर भट्टीचं सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी बाबा आम्हाला उत्तरेला घेऊन गेला. उताराच्या तोंडाशीच घोडी थांबली. सगळं अंग थरथरत होतं, कान मागे गेले. बाबानं बोट केलं. समोरच्या खडकावर बिबट्या उन्हात पडला होता. साहेबांनी उतरून नेम धरला. बार झाला, जनावर उडून खाली पडलं आणि लंगडत कारवीत शिरलं.

"आता थांबा," बाबा म्हणाला. "दोन घंटं कुनी आत जायाचं न्हाई. रगात जाऊ द्या. आत्ता त्यो तोंड फिरवून बसला आसंल."

साहेब माझ्या कानाशी आले. "कळलं का? आपण इथे बसायचं, आणि याची माणसं पलीकडून जनावर उचलून नेणार. कातडं यालाच हवंय."

"साहेब, तसं नाही. तो खरं सांगतोय."

"परवा तूच काय म्हणाला होतास?"

साहेब घोडीवर चढले. उंचावरून कारवीत नीट दिसेल, असा त्यांचा हिशेब. घोडी पुढे जाईना, त्यांनी टाच मारली. लगाम घट्ट ओढलेला होता. वीसेक पावलं गेल्यावर कारवीतून एक पिवळा लोळ निघाला आणि घोडीच्या मानेवर पडला. घोडी ओरडली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि साहेबांसकट उतारावरून खाली गेली.

बाबा कोयता घेऊन ओरडत धावला. मी जागचा हललो नाही. बिबट्या त्याच्याकडे एकदा बघून घळीत उतरला. नंतर तो तिथेच मरून पडलेला सापडला. घोडीची मान मोडली होती. साहेबांचा हात आणि मांडीचं हाड मोडलं होतं, तरी ते शुद्धीवर होते. तट्टं बिथरून पळून गेली होती, म्हणून बाबानं त्यांना पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत, वाटेत दोनदाच थांबून, आणलं. घोडीचं खोगीर मी डोक्यावर घेऊन चाललो. वडिलांना काय सांगायचं याचाच विचार करत होतो.

पुण्याच्या इस्पितळात मी दर रविवारी साहेबांना भेटायला जायचो. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "त्या वाटाड्यावर मी फिर्याद करणार आहे. खोटे ठसे दाखवून तीन दिवस फिरवलं, आणि मुद्दाम मला त्या जनावराच्या तोंडी दिलं. तुझी साक्ष लागेल."

बाबानं पाठीवर वाहून आणलेला माणूस हे बोलत होता. मी किती समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी बाबाला वाचवायचं म्हणून मी त्यांना भट्टीचं सांगितलं. पंजा का वापरला, आम्हाला काय समजून वापरला, सगळं. साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." फिर्याद झाली नाही.

दीडेक महिन्यानं त्या वाडीवर धाड पडली. भट्टी पुन्हा लावली होती, ती सापडली. बाबाला तीन महिन्यांची कैद झाली. साहेबांनी कळवलं की आणखी कुणी, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. मी कागदांवर सही घ्यायला गेलो, की वाकड्या हातानं ते सही करायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघायचो. कधीच काही दिसलं नाही.

दोन वर्षांनी चाकणच्या बाजारात बाबा समोर आला. मी चटकन कांद्याच्या पोत्यांआड झालो, पण त्यानं पाहिलं होतं. जवळ येऊन त्यानं माझा दंड धरला आणि वडिलांची चौकशी केली. "दुसरी घोडी घेतली का?" म्हणाला. मग स्वतःच बोलायला लागला.

"तुमी न्हाई सांगितलं, ते मला ठावं हाय. तुमी शबूद दिल्ता. माझ्या भावानंच सांगितलं. बांधावरनं आमचं वाकडं हुतं. तुरुंगातनं आल्यापासनं त्याचं त्वांड बगितलं न्हाई मी. त्याच्या पोरीच्या लग्नालाबी गेलो न्हाई."

मी मान हलवली. तो गेला. मी तिथेच उभा राहिलो. कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा भानावर आलो आणि एस. टी.च्या थांब्याकडे पळत सुटलो. तो गाडीत चढतच होता.

"बाबा, मी सांगितलं," मी म्हणालो. "इस्पितळात. साहेबांना. तुमच्यावर फिर्याद होऊ नये म्हणून."

त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरंच झालं असतं.

"चढा," तो म्हणाला.

"कुठे?"

"वर. माझ्या भावाला सांगाया. मी सांगून त्यो ऐकायचा न्हाई."

गाडीत तो माझ्याकडे पाठ करून बसला. रस्ता संपल्यावर आम्ही दोन तास चाललो, तो पुढे, मी मागे. भाऊ खाचरात बांध लिंपत होता. मी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं, माझी लाज न राखता. भाऊ चिखलाचे हात तसेच ठेवून ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्यानं बाबाकडे पाहिलं.

"पोरीच्या लग्नात समदी इचारत हुती, तुजा भाऊ कुटं हाय," तो म्हणाला.

धोतर खोचून बाबा खाचरात उतरला आणि फावडं घेऊन चिखल ओढायला लागला. बराच वेळ दोघं तसेच काम करत राहिले. मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ऊन उतरणीला लागल्यावर मी एकटाच खाली निघालो.