वाचलेल्या माणसाचं कारण

सुरतेत, लिंबायतच्या त्या गल्लीत फिल्म बघायला कुणाला टॉकीजला जावं लागत नसे. कुंदन बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी महादेवाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायचा. तो कापडाच्या कारखान्यात यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, कामाला. लूमच्या खडखडाटात तोंडाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथली माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलतात. पंधरा वर्षं तसं बोलून कुंदनचे हात असे तयार झाले होते की त्याने नुसती दोन बोटं उगारली तरी बायका कानावर हात ठेवायच्या. मारधाडीच्या फिल्मा त्याच्या आवडीच्या. गाडीवर गाडी आदळते, हिरो तिसऱ्या मजल्यावरून उडी मारतो, खाली नेमका गवताचा ट्रक.

गोष्ट सांगून झाली की तो तिची चिरफाड करायचा. त्यासाठीच लोक बसायचे.

"गवताचा ट्रक तिथं कुणी उभा केला? कुणाचा होता? सुरतमध्ये दिवसाढवळ्या ट्रक उभा करून दाखवा, पोलीस पावती फाडतो!"

सगळे खो खो हसायचे. कुंदनचा नियम ठरलेला होता. हिरोवर संकट नशिबानं आलेलं चालेल, पण सुटका नशिबानं झाली तर ती फिल्म खोटी. "जो वाचतो ना, त्याच्या वाचण्याला कारण पाहिजे," तो बोट नाचवत म्हणायचा. "आणि बिनकारणाचा कुणी वाचला तर त्याच्यावर नजर ठेवा. तो व्हिलनचा माणूस असतो. शेवटी तोच निघतो का नाही बघा!" आणि निघायचाही. गल्लीतल्या पोरीबाळींनासुद्धा तो नियम पाठ झाला होता.

एकटा पांडुरंग वाद घालायचा. पांडुरंग त्याच्याच कारखान्यात, शेजारच्या लूमवर. दोघं धुळ्याकडचे, एका वर्षी सुरतेला आलेले, समोरासमोरच्या खोल्यांत राहणारे. एका फिल्ममध्ये हिरोच्या बुटाची नाडी सुटते, तो वाकतो आणि गोळी डोक्यावरून जाते. कुंदनने त्या नाडीची आठवडाभर पिसं काढली. पांडुरंग आपला म्हणत राहिला, "होतं रे भो. असं होतं कधी कधी."

"कुठं होतं? दाखव."

"मी लहानपणी विहिरीत पडलो, तर नेमका मामा बैल पाजायला आला होता. आता मामा का आला होता? बैलांना तहान लागली होती म्हणून."

"मग तुझी फिल्म बैलांनी लिहिली," कुंदन म्हणाला, आणि पांडुरंगची बायको सखुबाई पदर तोंडात धरून हसली. सखुबाई कुंदनला राखी बांधायची. श्रावणात दोन्ही घरांची कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, एकत्र बसायची, तिच्या नैवेद्याचे रोट एकत्र व्हायचे.

त्या वर्षीची कानबाई उठून दहा दिवस झाले असतील. मंगळवार, सकाळचे साडेदहा.

कारखान्यात चहा आणायची पाळी लावलेली असते. किटली घेऊन ज्याने त्याने आपल्या दिवशी खाली जायचं, तेवढा वेळ शेजाऱ्याने त्याचे लूम बघायचे. मंगळवार पांडुरंगचा. लूमवर अनवाणी काम करतात, चपला खाली जिन्याशी काढलेल्या असतात. सगळ्यांच्या हवाई चपला सारख्याच निळ्या, म्हणून ओळखू यायला जो तो पट्ट्याला लूमवरचा रंगीत धागा बांधतो. पांडुरंगचा हिरवा. पांडुरंग किटली घेऊन खाली गेला आणि रिकामाच वर आला. कुंदनला त्याने लांबून हातवारे केले. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये काहीतरी धरून तटकन ओढलं, पायाकडे बोट केलं, म्हणजे पट्टा तुटला. मग किटली पुढे धरली. तू जा, तुझे लूम मी बघतो.

कुंदनने कपाळावर हात मारून घेतला, किटली घेतली आणि गेला. हसत गेला.

तो टपरीवर असताना जिन्याच्या वरच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या बोर्डातून जाळ निघाला. धाग्याची रुई आणि तेल, त्याला किती वेळ लागतो? पुढची वाट गेली. मागे एक लोखंडी दार होतं. कापडाचे ताके त्या दाराने चोरीला जातात म्हणून शेठने त्याला चार वर्षांपासून बाहेरून कुलूप घातलेलं होतं. आत सहा माणसं. कुंदन आत असता तर सात. सहाही त्या दाराशी सापडली, एकावर एक. पांडुरंग सगळ्यांत खाली होता. हातात लूमचा पाना होता आणि दाराच्या पत्र्यावर त्या पान्याचे घाव होते.

कुंदन खाली रस्त्यावर किटली धरून उभा होता. आतून पत्रा वाजत होता तो त्याने ऐकला. वाजायचा थांबला तोही.

पहिले दोन दिवस गल्ली त्याच्या गळ्यात पडून रडली. देवानं राखलं, म्हणाली. तिसऱ्या दिवशी सखुबाईने विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्याला थेंब नव्हता, पोटात अन्न नव्हतं. तिने आवाजही चढवला नाही.

"भाऊ, मंगळवार त्यांचा होता ना?"

"हो वहिनी."

"मग तू कसा गेला?"

"पांडूच्या चपलेचा पट्टा तुटला होता."

खोलीत बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुंदनला ते दिसलं. त्या काय आठवत होत्या हेही त्याला कळलं. नाडी. आठवडाभर त्यानेच हसवलं होतं त्यांना.

"पट्टा तुटला," सखुबाई हळूच म्हणाली. "तुटला तर पिन लावतात. त्यांच्या बंडीला मी कायम एक पिन लावून ठेवायची, पिवळ्या डोक्याची, मोठी. त्याच्यासाठीच. मग पिन का नाही लावली?"

कुंदनने दोन्ही तळवे उलटे करून दाखवले.

"बरं, पिन नव्हती. तर दुसऱ्याची चप्पल घालून गेले असते. टपरी किती लांब होती? शंभर पावलं? अनवाणी गेले असते. शेतात जन्म गेला त्यांचा अनवाणी."

"वहिनी, मला काय माहीत? त्यानं हातानं सांगितलं, मी गेलो."

"कुणी पाहिलं?"

पाहणारे दाराशी सापडले होते.

ते सगळे प्रश्न कुंदनला नवे नव्हते. फिल्ममध्ये असं काही दिसलं असतं तर हेच प्रश्न त्याने ह्याच क्रमाने विचारले असते, आणि मग बोट नाचवून म्हणाला असता, ह्याच्यावर नजर ठेवा.

पाचव्या दिवशी तो पांडुरंगची चप्पल शोधायला गेला. शेजारचा भटू रिक्षावाला सोबत आला, मनाने भला माणूस. बंबाच्या पाण्यात आणि माणसांच्या धावपळीत चपलांचा गाळ झाला होता, आणि कारखान्याच्या बाजूला राडारोड्यावर कुणीतरी त्यांचा ढीग लावला होता. कुंदनने गुडघ्यावर बसून हातांनी उपसलं. हिरव्या धाग्याची सापडली. पट्टा अंगठ्यापासून तुटलेला. तो ती छातीशी धरून रिक्षात बसला आणि सबंध रस्ता म्हणत राहिला, "आता बघ. आता बघ भटू."

सखुबाईने चप्पल हातात घेतली, हिरव्या धाग्यावरून बोट फिरवलं. मग भटूकडे पाहिलं. "बाकीच्या चपला कशा होत्या रे?"

भटू खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण तो भला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "तुटलेल्याच होत्या मावशी. बऱ्याचशा. विझवायला लोक धावले ना त्याच्यावरून."

त्यानंतर गल्लीला काही सिद्ध करायची गरज उरली नाही. कुंदन पाण्याला नळावर आला की बायका हंडे भरून झालेले नसतानाच उचलायच्या. भटूच्या रिक्षात कुणी म्हणालं, शेठशी त्याचं काहीतरी असणार. दुसरा म्हणाला, त्यालाच कसं सुचलं बाहेर जायचं? महादेवाच्या ओट्यावर पोरांनी कोळशाने लिहिलं होतं, शेवटी तोच निघतो. कुंदनची बायको सुषमा पहाटे जाऊन ते धुऊन आली. मागच्या दाराच्या कुलपाबद्दल कुणी बोलत नव्हतं. चार वर्षं रोज दिसणाऱ्या कुलपात सांगण्यासारखं काय असणार?

सुषमा म्हणाली, "गावी जाऊ आपण."

"तिनं मानल्याशिवाय मी हलणार नाही," कुंदन म्हणाला. "अख्खी सुरत काही म्हणो. राखी बांधली तिनं मला."

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, सगळी गल्ली जमली. विधी झाला, पंगत बसायची होती. सखुबाईने दहा दिवसांत चहाखेरीज काही घेतलं नव्हतं, तिची मान धरत नव्हती. तिने सगळ्यांदेखत कुंदनला समोर बसवलं आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"तू कसा वाचना, भाऊ?" ती आपल्या बोलीतच आली. "तुले काही करणार नाही मी. पण मले कळू दे ते का गेले. उगाचच गेले असं नको सांगू. उगाच कुणी जात नाही. कानबाईच्या पायाची आण, खरं सांग."

कुंदनने खरं सांगितलं, चौथ्यांदा. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, मग पुन्हा. बायका धरायला धावल्या.

"सांगतो," कुंदन म्हणाला. "थांब वहिनी. सांगतो."

सगळे थांबले.

"बोर्डातून ठिणगी उडताना मला दिसली होती," तो म्हणाला. "सकाळीच. वायर काळी पडली होती. मी कुणाला बोललो नाही. शेठ म्हणाला असता, तूच दुरुस्त कर, खाडा धरला असता. साडेदहाला पुन्हा ठिणगी दिसली. मी घाबरलो. पांडू किटली घेऊन निघाला, तर मी त्याच्या हातातून घेतली. म्हटलं, मला तंबाखू आणायचीच आहे. तो हसला. म्हणाला, जा, लूम बघतो तुझे."

त्याचे हात आपोआप उठले होते. ठिणगी कशी उडाली, किटली कशी घेतली, सगळं हातांनी होत होतं. माणसं पुढे झुकली. दहा दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे असं पाहत होतं. गोष्ट कुठेच फाटत नव्हती, हे त्यालाही सांगता सांगता जाणवलं, आणि त्याला थोडं बरं वाटलं, हेही खरं.

सखुबाईने विचारलं, "आणि पट्टा?"

"तो मीच तोडला. ढिगातून काढल्यावर."

भटू तोंड उघडायला गेला, कारण तो तिथंच उभा होता त्या वेळी. पण तोडायला असा किती वेळ लागतो, असं त्यालाही वाटलं असावं.

सखुबाईने कुंदनचे हात सोडले. आधी तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, मग ती रडली. दहा दिवसांचं एकदम रडली. बायकांनी तिला कुशीत घेतलं, पाणी पाजलं. "असं बोल की मग," ती रडता रडता म्हणत होती, "असं बोल की मग." कुंदनच्या अंगावर कुणीतरी पाण्याचा तांब्या फेकला. त्याने कपाळ पुसलंसुद्धा नाही. पंगत बसली आणि सखुबाईने भाकरीचा तुकडा मोडला.

कुणीतरी मोबाइलमध्ये सगळं घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते शेठच्या वकिलाकडे पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले आणि कुंदनला चपला घालायलाही न थांबता घेऊन गेले. कामगाराला ठिणगी दिसली होती आणि त्याने मालकाला कळवलं नाही, असा कागद तयार झाला. त्या कागदात कुलूप नव्हतं.

सुषमा त्याच्या चपला घेऊन चौकीवर निघाली. पिशवीत घालताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. उजव्या चपलेखाली, पट्टा निसटू नये म्हणून घातलेली पिन. पिवळ्या डोक्याची, मोठी.

चौकीत जाळीपलीकडे कुंदनने ती पाहिली.

"सोमवारी," तो म्हणाला. "घरी येताना पट्टा निसटला माझा. पांडूनं बंडीची काढून लावली. मी... मी गोष्ट सांगत होतो, सुषमा. फायटिंगची. माझं लक्षच नव्हतं खाली." त्याने जाळी धरली. "जा, दाखव तिला. आत्ता जा."

सुषमा गेली. सखुबाई दारात तांदूळ निवडत होती. तोंडावर जरा रंग आला होता. सुषमाने तिच्यापुढे चप्पल ठेवली, पिन दाखवली, सगळं सांगितलं. सोमवारचा रस्ता, निसटलेला पट्टा, मंगळवारी पांडुरंगच्या बंडीला पिन का नव्हती ते.

सखुबाईने पिन ओळखली. एका नजरेत ओळखली. तिचा हात सुपातच राहिला.

"सखुताई, उगाच कबूल झाले हो ते. तुमच्यासाठी."

सखुबाईने चपलेतून पिन काढली, पदराला पुसली आणि आपल्या बांगडीत अडकवली. मग पुन्हा तांदळात बोट घातलं.

"खोटं बोलायचं तर मोठ्या माणसानं जरा बरं बोलावं," ती म्हणाली. "पिन कुणीही आणतं ग बाजारातून. जा आता. मला भात टाकायचाय, कालपासून भूक लागते."