पाठीवरची फुली

चाकणच्या कंपनीत मी नोकरीभर लोकांवर ओरडून पोट भरलं. आणि निवृत्त झाल्यावर शिकायला गेलो तर काय, जिथे ओरडून काडीचाही उपयोग नाही असं काम. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशांच्या सोबतीला जायचं प्रशिक्षण. यात माझी करुणा वगैरे शोधू नका. घरी बसल्यावर मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी सुधारायला घेतली, तेव्हा बायकोने संत तुकाराम नगरातल्या एका संस्थेचा पत्ता आणला आणि म्हणाली, "तिकडे जा, तिथे तुमची गरज आहे." इथे नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी डोळ्यांवर पट्टी बांधली, कानात बोळे घातले आणि हॉलमध्ये चालायला सांगितलं. मी रुबाबात चाललो आणि फरशी पुसायच्या बादलीत पाय घातला. त्यानंतर नियम जरा लक्ष देऊन ऐकले. माणसाला दंड धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरतो. बोलायचं ते त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून. मोकळ्या जागेत त्याला एकट्याला कधीही सोडायचं नाही, जायचंच असेल तर त्याचा हात भिंतीला नाहीतर खुर्चीला लावून द्यायचा. आणि पाठीवर बोटाने मोठी फुली काढली, की धोका आहे, काही न विचारता लगेच हलायचं.

माझ्या वाट्याला आले दादा. तळेगावकडच्या एका जुन्या घरातले, माझ्याहून धाकटे, पण सगळे दादाच म्हणायचे. कान आणि डोळे तरुणपणी हळूहळू गेले होते, त्यामुळे तोंडाने बोलायचे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने शेजारच्या गल्लीला कळेल एवढ्या मोठ्याने. मला ते 'सुपरवायझर' म्हणायचे, आणि त्यात मान नव्हता.

एकदा संस्थेबाहेरच्या टपरीवर चहा तयार झाला, दादा कुणाच्या तरी हातात तळहात देऊन गप्पांत रंगलेले, म्हणून मी त्यांच्या पाठीवर फुली काढली. ते ताडकन उठले, मी हातात चहाचा ग्लास दिला. दोघंही खूप हसलो. मग रोजच सुरू झालं. फुली म्हणजे चहा. मॅडमच्या नजरेला आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ही गंमत कुणाच्या तरी अंगाशी येईल." मी कान पकडले. दुसऱ्या दिवशी परत फुली, परत चहा.

चाकणला एका छोट्या कारखान्यात बोल्ट आणि वायसर पिशव्यांत भरायला माणूस हवा होता. हाताने चाचपून करण्यासारखं काम. दादांना घेऊन या, बघू, असं त्यांनी म्हटलं. जाताना रिक्षात दादांनी, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात, सांगितलं, "भावजय वाईट न्हाई. पण ती ताट ठेवती ना, त्याचा हादरा मला जिमिनीतनं कळतो. आता लई जोरात ठेवती." मी त्यांच्या तळहातावर लिहिलं, 'काम मिळेल.' हे मी कुठल्या अधिकारात लिहिलं, कोण जाणे.

आत गेलो आणि अंगात जुना सुपरवायझर संचारला. जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले. पट्ट्यांच्या आतून माणसं, बाहेरून माल उचलणारी फोर्कलिफ्ट, वळणावर हॉर्न. या पिवळ्या पट्ट्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. पट्ट्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाला काही होत नाही, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. म्हणून दादांना पट्ट्याच्या आत उभं केलं, 'थांबा' असं लिहिलं आणि साहेबांच्या केबिनकडे गेलो. हात कशालाच लावून दिला नाही. पट्टा त्यांना दिसत नाही आणि हॉर्न ऐकू येत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही.

केबिनच्या दारातून वळून पाहिलं. दादा आधारासाठी भिंत शोधत होते, एक हात पुढे करून. पाऊल पट्ट्याबाहेर पडलं होतं. आणि खांबाआडून फोर्कलिफ्ट मागे येत होती, हॉर्न वाजवत.

मी धावलो. पोचलो आणि पाठीवर फुली काढली.

दादा हसले. "आत्ता च्या? आधी काम तर बघू दे."

पुन्हा काढली. त्यांनी पाय आणखी रोवले. "न्हाई म्हणलं ना."

ओढलं असतं तर आडवे पडले असते, तेही चाकाकडे. मी त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये शिरलो आणि गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हात बडवले. ड्रायव्हरने ब्रेक मारला. गाडी माझ्या पोटाला टेकून थांबली. पोट पुढे आल्याचा आयुष्यात झालेला तेवढा एकच फायदा. मागून दादांचा हात माझ्या खांद्यावर पडला. मी थरथरत होतो. हात तसाच राहिला आणि त्यांचं हसू गेलं.

साहेब धावत आले. तरुण मुलगा, घामाने डबडबलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, वाईट वाटतं, पण एवढी रिस्क मी घेऊ शकत नाही. त्यांना सांगा, जागा भरली."

सोपं होतं. 'जागा भरली' लिहायचं, दादांना रिक्षात बसवायचं, माझी अब्रूही झाकली जाणार. मी तळहात हातात घेतला आणि 'जागा' एवढं लिहिलंसुद्धा. दादांनी हात झटकला, पाटी पुसावी तसा पँटला पुसला आणि परत पुढे केला.

"खरं लिव्ह."

लिहिलं. फोर्कलिफ्ट. फुली खरी होती. तुम्हाला मी एकटं सोडलं. साहेब नको म्हणतात.

दादांनी हात मागे घेतला. मग साहेबाचा अंदाज घेऊन, भलत्याच दिशेला तोंड करून, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं बोलले, "सायब, चूक ह्याची हाय. मला कामावर ठिवा, ह्याला भाईर काढा."

पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसला नाही. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, मग दाराजवळ भिंतीला लागून असलेल्या टेबलाकडे. तिथवर जायला गाडीचा रस्ता ओलांडावा लागत नव्हता. महिनाभर बघू, म्हणाला. अट एकच. आत सोबतीला मी नको. पॅकिंगमधल्या एका ताईंना सगळं शिकवून जायचं आणि मी गेटच्या बाहेर थांबायचं.

दादांना ते लिहून कळवलं. त्यांनी अट दोनदा लिहायला लावली, बहुतेक मजा घेत.

ताईंना कोपर दाखवलं, भिंत दाखवली. फुली कशी काढायची ते त्यांनी विचारलं, म्हणून मी दादांच्या पाठीकडे बोट नेलं. स्पर्श होताच ते बाजूला सरकले.

"माझ्या पाठीवर न्हाई. वळ तिकडं."

मी वळलो. त्यांनी चाचपडत माझा खांदा धरला आणि ताईंच्या समोर माझ्या पाठीवर फुली ओढली, नख रुतेल इतक्या जोरात. मी तसाच उभा राहिलो.

"बघितलं ताई?" दादा म्हणाले. "आसं उभं ऱ्हायलं की मानूस मरतो."