मूठ नाई खोलली
हाताले नाण्याचा वास आला का मले अजूनही रक्त आठवते. चांदा जिल्ह्यात तवा आणे चालत होते. जंगलातल्या एका बाजारात मी नाण्याचे खेळ करत होतो, बाजूले एक पत्तेवाला बसे. त्याची गड्डी त्याचीच, बाही मनगटापर्यंत. त्यात कसली कला? माहे हात उघडे, अन् नाणं पाहणाऱ्याचं. त्या दिवशी एका म्हातारीनं गळ्यातल्या माळेतला चांदीचा रुपाया सोडून देल्ला. मी फुंकर मारून तो गायब केला, तसा पत्तेवाला ओरडला, "मुठीत दाबला रे, चोर आहे हा!" म्हातारीचा पोरगा काठी घेऊन आला. "मूठ खोल!" "खेळ पुरा होऊ दे, भाऊ." पहिली काठी तोंडावर बसली, दात पडला. मग त्यानं माही उजवी मूठ दगडावर धरून ठेचली, बोटं कडाकडा मोडली. मूठ रिकामीच होती, पण मी खोलली नाई, कारण सारे तिकडंच पाह्यत होते अन् डाव्या हातानं मी रुपाया त्याच्या बंडीच्या खिशात सोडत होतो. मग रक्तानं भरलेला हात उघडून म्हटलं, "बाई, पोराचा खिसा पाह्य." रुपाया निघाला. म्हातारीनं त्याच काठीनं पोराले झोडपलं, लोकायनं पत्तेवाल्याले. माही बोटं काही सरळ झाली नाईत. लोक म्हणत, "आता पत्ते धर, तेवढं जमन तुले." मी जन्मभर लाकडं फोडली, पत्त्याले शिवलो नाई.